काळ्या केसांतला तांबडेपणा कट कसा करायचा: कलर शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं

कोल्हापुरातल्या कुठल्याही पार्लरमध्ये ही तक्रार ऐकायला मिळते: "ताई, मी अ‍ॅश ब्राऊन सांगितला होता, मग हे तांबडं का दिसायला लागलंय?" गिऱ्हाईक पार्लरला दोष देतं, पार्लरवाली कंपनीला. खरं तर तो तांबडा रंग केसातच असतो. वरचा काळेपणा उतरला की तो उघडा पडतो, आणि त्याची सोय आधीच केली नसेल तर कितीही महागाची ट्यूब आणली तरी तो दिसणारच.

मंगळवार पेठेत मी पार्लर चालवते आणि शिकायला येणाऱ्या मुलींना कलरचं काम शिकवते. त्यांना मी जे सांगते तेच इथं लिहिते आहे. घरी स्वतःच्या केसांवर कलर करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. ब्लीचचं काम मात्र घरी एकटीनं करू नका. डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही आणि ब्लीचमध्ये दर दहा मिनिटांनी बघणं हेच निम्मं काम आहे.

पुढं जे काही आहे त्याचा पाया एकच: आधी लेव्हल (केस किती गडद किंवा फिकट), मग टोन (त्या रंगाची झाक, थंड की उबदार). केस कुठल्या लेव्हलला पोचणार हे ठरल्याशिवाय अ‍ॅश (तांबडेपणा दाबणारी राखाडी, थंड झाक) घ्यायची की आणखी काही, हा प्रश्नच येत नाही.

१. कुठल्या लेव्हलला कुठला रंग उघडा पडतो

केसात दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन लालसर-पिवळं. आपल्याकडच्या बहुतेक केसांत युमेलॅनिन भरपूर असतं. डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) किंवा ब्लीच लावल्यावर हा काळेपणा फुटत जातो, पण केस काळ्याचा एकदम पांढरा होत नाही. लाल, केशरी, पिवळा, फिकट पिवळा अशा पायऱ्या तो एकेक करून चढतो. मध्ये कुठंही थांबलात तरी त्या पायरीचा रंग खाली शिल्लक असतो.

शेड कार्डवर १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात फिकट. खालचा रंग असा असतो:

लेव्हल १ ते ३: गडद लाल
लेव्हल ४: लाल
लेव्हल ५: लालसर केशरी
लेव्हल ६: केशरी
लेव्हल ७: पिवळट केशरी
लेव्हल ८: पिवळा
लेव्हल ९: फिकट पिवळा
लेव्हल १०: केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा, जेमतेम पिवळा

हे पाठ करा, किंवा कागदावर लिहून आरशाला चिकटवा. माझ्या मुलींना मी तेच करायला लावते.

केसांची लेव्हल उजेडात बघायची. पार्लरमधल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच केस उबदार दिसतात आणि नुसत्या ट्यूबलाइटखाली तांबडेपणा लपतो. गिऱ्हाइकाला दारात किंवा खिडकीपाशी उभं करा, मागच्या केसांची बट हातात धरून पसरवा आणि शेड कार्डाची बट तिच्याशेजारी लावा. आपल्याकडचे केस बहुतेक २ किंवा ३ निघतात. "काळेच आहेत" म्हणून १ धरून चालू नका. १ आणि ३ मधला फरक पुढच्या सगळ्या हिशेबात येतो.

२. कुठला रंग कशानं कट होतो

कट करणं म्हणजे उलटा रंग घालून नको तो रंग दाबणं. लालला हिरवा. केशरीला निळा. पिवळ्याला जांभळा.

नियम एवढाच. तरीही यात दोन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली गडबड म्हणजे तांबडेपणा दिसला की "अ‍ॅश लावा" हे उत्तर ठरून गेलेलं असणं. बहुतेक अ‍ॅश शेड निळ्या बेसच्या (आतला मूळ रंग निळा असलेल्या) असतात, म्हणजे त्यांचं काम केशरीवर. केस लेव्हल ८ ला पिवळे झालेत आणि तुम्ही निळ्या बेसची अ‍ॅश लावलीत, तर पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवट झाक. पिवळ्यावर जांभळ्या बेसचीच शेड हवी. उलट, लेव्हल ४ चा लाल नुसत्या निळ्यानं जात नाही, तिथं हिरव्या बेसची, म्हणजे मॅट शेड थोडी मिसळावी लागते.

दुसरी गडबड नंबरांची. पॉइंटच्या पुढचा आकडा प्रत्येक कंपनीत वेगळा अर्थ घेऊन येतो. लॉरियलच्या शेडमध्ये .१ म्हणजे अ‍ॅश आणि .२ म्हणजे जांभळी झाक. वेलामध्ये /१ अ‍ॅशच आहे, पण /२ मॅट आहे, म्हणजे हिरवी. श्वार्झकॉफच्या इगोरामध्ये अ‍ॅश -२ वर येते. एका कंपनीच्या कार्डावरून शिकून दुसऱ्या कंपनीची ट्यूब उचलली, तर पिवळ्या केसांवर जांभळ्याऐवजी हिरवं जाऊन बसतं. दुकानात "अ‍ॅश द्या" म्हणून ट्यूब मागू नका. त्या कंपनीचं शेड कार्ड मागा, बेस बघा आणि मगच घ्या.

३. केसांचा इतिहास विचारा, विशेषतः मेंदीचा

ही पायरी घाईत गाळली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पाठीवर येणाऱ्या केसांची टोकं तीन-चार वर्षं जुनी असू शकतात. भावाच्या लग्नात लावलेली मेंदी, मागच्या दिवाळीतला दुकानी कलर, स्मूदनिंग, सगळं त्या टोकांत अजून आहे. "हल्ली काही लावलं नाही" या उत्तरावर थांबू नका. "चार वर्षांत काय काय लावलं?" असं विचारा.

साधी मेंदी असेल तर तिचा लालसर केशरी रंग केसातल्या प्रथिनाला धरून बसलेला असतो. असे केस हलके केले तर केशरीवर येऊन अडतात आणि पुढं सरकत नाहीत. मेंदीत नीळ मिसळली असेल तर ब्लीचखाली हिरवट छटा येऊ शकते.

काळ्या मेंदीच्या पुड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतल्या बऱ्याच पुड्यांत पीपीडी हा रासायनिक रंगच असतो, आणि काही मिश्रणांत धातूचे क्षार असतात. धातूचे क्षार असलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडलं की मिश्रण तापतं, वाफ येते, केस जागेवर तुटू शकतात. शंका असेल तर ही तपासणी करा: विंचरताना निघालेले वीसेक केस दोऱ्यानं बांधा, काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमचा थोडा डेव्हलपर आणि अमोनियाचे काही थेंब घ्या, त्यात ते अर्धा तास बुडवून ठेवा. मिश्रण गरम झालं, बुडबुडे आले, उग्र वास सुटला, केस तुटू लागले किंवा भलताच रंग आला, तर त्या डोक्यावर केस हलके करायचं काम करायचं नाही. गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी नाही. मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं.

आधीचा कलर असेल तर आणखी एक गोष्ट: कलरनं कलर उतरत नाही. ज्या केसांवर आधीच काळा किंवा बर्गंडी बसवलाय, त्यांवर ७.१ (लेव्हल ७ ची अ‍ॅश) लावून ते हलके होणार नाहीत. मुळाशी वाढलेले नवे केस तेवढे उजळतील, टोकं तशीच गडद राहतील. तिथं ब्लीचशिवाय मार्ग नसतो.

४. हाताशी काय काय हवं

पार्लरच्या मालाच्या दुकानात हे सगळं एकाच ठिकाणी मिळतं:

• कलरच्या ट्यूब आणि त्याच कंपनीचा डेव्हलपर
• ब्लीच करायचं असेल तर ब्लीच पावडर आणि टोनर (ब्लीचनंतर उरलेली झाक दाबणारा हलका रंग)
• प्लास्टिकचा बाऊल आणि ब्रश (धातूचं भांडं चालत नाही)
• वजनकाटा किंवा खुणा असलेलं मापाचं भांडं
• टेल कोम, चार-सहा क्लिपा, फॉइल
• हातमोजे, केप, जुना टॉवेल, कपाळाला आणि कानामागं लावायला व्हॅसलीन
• कापूस, पाण्याचा स्प्रे
• सौम्य शॅम्पू आणि कंडिशनर
• घड्याळ
• एक वही

वहीबद्दल थोडं सांगते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान: नाव, तारीख, केसांची मूळ लेव्हल, आधी काय काय लावलं होतं, कुठली ट्यूब किती ग्रॅम, कुठला डेव्हलपर, किती वेळ, उजळून कुठला रंग आला, टोनर कुठला. चार महिन्यांनी ती परत येते आणि "तोच कलर द्या" म्हणते, तेव्हा ते पान नसेल तर सगळा अंदाजच. स्वतःच्या केसांवर करणारीनंही असं पान लिहावं.

५. दोन तपासण्या, ज्या टाळायच्या नाहीत

पॅच टेस्ट: कलर करण्याआधी ४८ तास, कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. कसं आणि किती लावायचं ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं, तसंच करा. खाज, पुरळ, सूज आली तर तो कलर लावायचा नाही. दर महिन्याला तोच कलर लावणाऱ्यांनाही पीपीडीची अ‍ॅलर्जी अचानक होऊ शकते. "मला कधी काही होत नाही" हे आजच्या दिवसाचं प्रमाणपत्र होत नाही. डोक्यावर जखम, फोड असतील तर काम पुढं ढकला.

स्ट्रँड टेस्ट: मानेवरची आतली एक बारीक बट घ्या. जे मिश्रण पूर्ण डोक्याला लावणार आहात तेच लावा, पूर्ण वेळ ठेवा, धुवा, वाळवा आणि दारात उजेडात बघा. केस कुठल्या लेव्हलला पोचतात आणि खाली कुठला रंग येतो, हे एका बटेत कळतं. वाळवून बघा असं मुद्दाम सांगते, कारण ओले केस गडद दिसतात आणि तांबडेपणा त्यात लपतो.

ब्लीचचा विचार असेल तर ओल्या केसाची ताणून परीक्षा घ्या. चांगला केस हलका ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो. च्युइंगगमसारखा लांबतच गेला किंवा पटकन तुटला, तर ब्लीच नाही.

६. डेव्हलपरचा हिशेब

१० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के. कलरबरोबर वापरताना साधारण असं धरा: १० व्हॉल्यूम फक्त रंग बसवतो, २० एक ते दोन लेव्हल उजळतो, ३० दोन ते तीन, ४० तीन-चारच्या आसपास. ४० मी टाळूला लागेल अशा कामात वापरत नाही. जळजळ होते, आणि मुळाशी डोक्याच्या उष्णतेनं रंग इतका लवकर उजळतो की मुळं केशरी आणि लांबी गडद असा प्रकार होतो.

आता सगळ्यांचा फसणारा हिशेब बघा. मूळ केस लेव्हल २. डब्यावर ७.१ आणि सुंदर राखाडी-तपकिरी केसांचा फोटो. डेव्हलपर २० व्हॉल्यूम. केस दोन लेव्हल चढणार, म्हणजे ४ ला पोचणार. लेव्हल ४ च्या खाली लाल. ७.१ मधला निळा रंग लेव्हल ७ ला पुरेल इतकाच पातळ असतो, त्यात हिरवा नाहीच. तो त्या लालपुढं काहीच करू शकत नाही. धुतल्यावर दिसतात तांबूस तपकिरी केस. कंपनीनं फसवलेलं नाही. फोटोतले केस आधीच लेव्हल ७ चे होते.

मूळ लेव्हल अधिक डेव्हलपरची चढण, यातून जी लेव्हल निघते ती तुमची खरी लेव्हल. शेड तिच्या जवळपासचीच निवडायची. यापेक्षा फिकट शेड हवी असेल तर ब्लीच.

७. ब्लीच न करता थंड तपकिरी

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा कलर करणाऱ्या बहुतेक मुलींसाठी हाच मार्ग उत्तम. आपल्या काळ्या केसांवर लेव्हल ५ चा थंड तपकिरी खुलून दिसतो, केस शाबूत राहतात, आणि सहा महिन्यांनी मन बदललं तरी सगळे पर्याय उघडे असतात. थेट राखाडी सोनेरीच्या मागं लागलेल्या मुलीला मी आधी हा करून बघायला सांगते.

मूळ लेव्हल २-३, डेव्हलपर ३० व्हॉल्यूम, पोचणार ५ ला. खाली लालसर केशरी. तेव्हा लेव्हल ५ ची अ‍ॅश घ्या आणि त्यात त्याच कंपनीची, त्याच लेव्हलची मॅट शेड थोडी मिसळा. चार भाग अ‍ॅश, एक भाग मॅट इथून सुरू करा, आणि स्ट्रँड टेस्टमध्ये लाल उरला तरच मॅट वाढवा. पांढरे केस बरेच असतील तर नुसती अ‍ॅश लावू नका. पांढऱ्या केसात खाली लाल-केशरी काहीच नसतं, त्यामुळं ते निळसर, पोकळ दिसतात. तिथं निम्मी नॅचरल शेड, म्हणजे ५.० प्रकारची, आणि निम्मी अ‍ॅश. पांढरे नीट झाकायला २० व्हॉल्यूमच धरा आणि लेव्हल ५ ऐवजी ४ च्या आसपास येईल हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

मिश्रणाचं प्रमाण कंपनीप्रमाणं बदलतं. लॉरियलच्या माजिरेलला एकास दीड, म्हणजे ५० मिलीच्या ट्यूबला ७५ मिली डेव्हलपर. इगोरा रॉयलला एकास एक. डोळ्याच्या अंदाजानं ओतू नका. डेव्हलपर जास्त पडला की रंग पातळ होतो, आणि पातळ रंग पहिल्यांदा तांबडाच दाखवतो.

लावायचा क्रम: केसांचे चार भाग करा. सुरुवात मागून, कारण मागचे केस दाट असतात आणि वेळ घेतात. कोऱ्या केसांवर मुळाशी एक-दीड सेंटिमीटर सोडून आधी मधली लांबी आणि टोकं. निम्मा वेळ गेला की मुळं. कपाळाजवळचे बारीक केस सगळ्यात शेवटी. थर भरपूर लावा, केस मिश्रणात भिजलेले दिसले पाहिजेत.

आणि पूर्ण वेळ ठेवा. वीस मिनिटांत केस काळे-जांभळे दिसायला लागतात, गिऱ्हाईक घाबरतं, आणि पार्लरवाली धुऊन टाकते. पहिल्या टप्प्यात मुख्यतः केस उजळत असतात आणि तांबडेपणा कट करणारे रंग त्यानंतर पूर्ण तयार होतात. लवकर धुतलं म्हणजे उजळणं झालं आणि कट होणं अर्धवट राहिलं.

८. ब्लीच आणि टोनर: हायलाइट्स, बलायाज (ब्रशनं मोकळेपणानं रंगवलेल्या फिकट बटा)

पावडर आणि २० व्हॉल्यूम, बहुतेक ब्लीचना एकास दोन, पण पाकिटावर बघून घ्या. फॉइलमध्ये बारीक सेक्शन घ्या. जाड सेक्शनमध्ये वरचे केस पिवळे आणि आतले केशरी राहतात, मग एकच टोनर दोन्हीवर सारखा बसत नाही. मिश्रण वाळू देऊ नका, वाळलेलं ब्लीच काम थांबवतं. ड्रायरनं गरम करू नका.

दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडा आणि ओल्या कापसानं थोडं मिश्रण पुसून खालचा रंग बघा. पुसायलाच हवं, कारण बऱ्याच पावडरी निळ्या असतात आणि त्या निळ्यातून केस आहेत त्यापेक्षा थंड दिसतात.

किती उजळायचं? बेज, मोती अशा छटा हव्या असतील तर लेव्हल ८-९ पर्यंत, म्हणजे केशरी पूर्ण गेलेला आणि नुसता पिवळा उरलेला. थंड फिकट तपकिरी हवा असेल तर ७ पुरे. पाकिटावरची कमाल वेळ संपली आणि केस ६ वरच अडकलेत, तर तिथंच थांबा. त्या दिवसाचं काम लेव्हल ६ चं, टोनरही लेव्हल ६ चाच. केशरी केसांवर चंदेरी टोनर लावून काहीही होत नाही. लेव्हल ९-१० च्या टोनरमध्ये केशरी झाकण्याइतका रंगच नसतो. दुसऱ्यांदा ब्लीच करायचं तर काही आठवडे जाऊ द्या, आणि त्याआधी परत ताणून बघा.

कोमट किंवा गार पाण्यानं धुवा, सौम्य शॅम्पू, टॉवेलनं टिपून घ्या. पाणी गळत असताना टोनर लावला तर तो पातळ होतो.

टोनरसाठी डेमी-परमनंट (काही आठवडेच टिकणारा) रंग आणि त्याचा स्वतःचा अ‍ॅक्टिव्हेटर, नाही तर १० व्हॉल्यूम. केस पिवळे असतील तर जांभळ्या बेसची, लेव्हल ८-९ ची शेड. पिवळट केशरी, म्हणजे ७ असेल तर निळी आणि जांभळी दोन्ही मिसळून, लेव्हल ७ ची. जिथं केशरी जास्त तिथून सुरू करा, टोकं शेवटी. ब्लीच झालेली टोकं रंग झटकन पितात आणि सगळ्यात आधी राखाडी, मातकट होतात. दर तीन-चार मिनिटांनी पुसून बघा. पाच मिनिटांत झालं तर पाच मिनिटांत धुवा, टोनरमध्ये घड्याळापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवायचा. थोडी उबदार झाक शिल्लक असताना धुतलेलं मला आवडतं. पूर्ण सपाट राखाडी केस आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर चेहरा थकल्यासारखा दाखवतात.

९. आधीच तांबडे झालेले केस घेऊन कुणी आलं तर

दोनच मार्ग आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे सांगा.

पहिला, गडद करणं. केस ६ चे केशरी असतील तर ६.१ प्रकारची निळ्या बेसची शेड १० व्हॉल्यूमबरोबर. २० व्हॉल्यूम घेतला तर आतला काळेपणा आणखी थोडा उजळतो आणि नवा केशरी बाहेर येतो, म्हणून १०. हे एका बैठकीत होतं.

दुसरा, केशरी ओलांडून पिवळ्यापर्यंत ब्लीच करणं आणि मग टोनर. हे केसांची ताकद बघूनच.

जांभळा शॅम्पू लावून केशरी जाईल असं समजून मुली तो आठवडा-आठवडा घासतात. जांभळा पिवळ्यासाठी. केशरीवर निळा शॅम्पू थोडंफार काम करतो, पण तोही फक्त राखायला उपयोगी, झालेलं काम बदलायला नाही.

१०. टिकवणं: पाणी, ऊन, हळद, गुलाल

टोनर कायमचा नसतो. चार ते सहा आठवड्यांत तो उतरतो आणि खालची उबदार छटा परत दिसते. हे आधीच सांगितलं की महिन्याभरानं भांडण होत नाही.

पाणी. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर फिकट केस हळूहळू तांबूस होत जातात. बादलीला, फरशीला पिवळसर तपकिरी डाग पडतात का ते विचारा. पाचगावहून येणाऱ्या माझ्या एका गिऱ्हाइकाचे केस कुठल्याही टोनरला धरत नव्हते. केस धुण्यापुरतं नळाचं पाणी भरून ठेवायला सांगितलं आणि महिन्यातून एकदा चिलेटिंग शॅम्पू (केसांवर बसलेलं लोह काढणारा) दिला, तेव्हा फरक पडला. पोहायला जाणाऱ्यांनी तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजवून कंडिशनर लावावा आणि टोपी घालावी. हिरवेपणा येतो तो पाण्यातल्या तांब्यामुळं.

ऊन. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवर फिरणाऱ्या मुलीचा टोनर आधी उडतो. स्कार्फ बांधायला सांगा. स्ट्रेटनरची उष्णताही तेच करते. १८० अंशांच्या वर नेऊ नका आणि आधी हीट प्रोटेक्टंट लावा.

हळद. लग्नसराईत हे आवर्जून विचारा. हायलाइट्स केलेल्या नवरीच्या केसांना हळद लागली की तो पिवळा रंग सच्छिद्र केसात शिरतो. हळदीच्या कार्यक्रमाला केस घट्ट बांधून वर कापड, आणि टोनर हळदीनंतर, लग्नाच्या आदल्या दिवशी. आधी करून उपयोग नाही.

गुलालाचंही तसंच. चैत्रात जोतिबाला जाणार असाल किंवा रंगपंचमी खेळणार असाल, तर ब्लीच केलेले केस गुलाबी होऊन येतात आणि ते शॅम्पूनं सहज निघत नाहीत. केसांना खोबरेल तेल चोपडून वेणी घाला, वर रुमाल बांधा. हायलाइट्स करायच्याच असतील तर यात्रा झाल्यावर करा. तेल साधं खोबरेल वापरा. हिरवी, लाल रंगाची औषधी तेलं फिकट केसांवर आपली छटा सोडतात.

शॅम्पू आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेला. जांभळा किंवा निळा शॅम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं. रोज वापरला तर टोकं जांभळट होतात आणि केस कोरडे पडतात.

११. पुढच्या वेळची मुळं

दीड-दोन महिन्यांनी मुळं काळी दिसायला लागतात. वहीतलं पान काढा आणि तेच मिश्रण फक्त नव्या वाढीला लावा. आधी उजळलेल्या केसांवर डेव्हलपर परत गेला की तिथं नवा तांबडेपणा बाहेर येतो आणि केस कमजोर होतात. मिश्रण पसरू नये म्हणून जुन्या कलरच्या सीमेवर कंडिशनरचा पातळ पट्टा लावून घ्या. वेळ संपायला पाच-दहा मिनिटं राहिली की लांबीचा रंग उजेडात बघा. उतरला असेल तर वेगळ्या बाऊलमध्ये १० व्हॉल्यूमनं केलेली त्याच लेव्हलची शेड फक्त लांबीला लावा. उतरला नसेल तर लांबीला हात लावू नका.